आबांचा दुसरा गिअर

ट्रॅक्टर म्हातारा झालाय असं त्या घरात कोणी म्हणायचं नाही. म्हटलं की आबा दुखावत. "जुना म्हणा," ते सांगत, "म्हातारी माणसं होतात." आबांनी स्वतः सत्तरी गाठली होती आणि त्यांनाही म्हातारं म्हटलेलं खपत नसे. ट्रॅक्टरच्या आडून ते आपलीच वकिली करतात, हे सुनेने लग्न होऊन आल्या वर्षीच ओळखलं होतं. पण ती ते कधी बोलून दाखवत नसे, कारण तिला आबा आवडत. स्वतःच्या वडिलांपेक्षाही जास्त आवडत, आणि त्याची तिला थोडी चोरीही वाटे.

गेल्या महिन्यात आबांचा उजवा गुडघा सुजला. सकाळी विजार चढेना, इतका. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, पट्टा बांधला आणि सहा आठवडे ट्रॅक्टरवर चढायचं नाही म्हणून बजावलं. चढलात तर पुढचं सगळं आयुष्य लंगडत काढाल, असं स्पष्टच सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर सुनेला म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण अजून अनुभव नाही त्याला."

मग ट्रॅक्टर कोण चालवणार? तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. एकदा गेला की तीन-तीन आठवडे त्याचं तोंड दिसत नसे. सून दोन वर्षं ट्रॅक्टर रस्त्यावर चालवत होती. खताच्या गोण्या आणायच्या, ट्रॉली नेऊन लावायची, ही कामं तिची. वावरात मात्र आबा. तिसरा आणि चौथा गिअर तिचा, दुसरा आबांचा, अशी वाटणीच झाली होती म्हणा ना. दुसरा म्हणजे ओढीचा गिअर. त्यात दुसऱ्या कोणी हात घातलेला त्यांना आवडत नसे.

आता इलाज नव्हता. कालव्याचं पाणी देऊन रान भिजवलं होतं आणि वाफसा आला होता. मूठभर माती दाबली की गोळा व्हायचा, बोट लावलं की फुटायचा. पण वारा सुटला होता. चार दिवस, फार तर पाच. मग जमीन आवळणार, आणि पुढचं पाणी महिन्याने. भाड्याच्या ट्रॅक्टरमागे सगळं गाव रांगेत उभं. तिने सकाळी औत जोडलं, आबांनी ओट्यावरून चार सूचना केल्या, त्यातल्या तीन तिला आधीच ठाऊक होत्या, आणि ती निघाली.

पहिलं तास, म्हणजे औताची पहिली ओळ, निम्मं झालं असेल नसेल, पायाखाली खट् असा आवाज आला. इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. गिअरचा दांडा आपसूक मधोमध येऊन डुलत होता. तिने क्लच दाबला, दुसरा टाकला, निघाली. वीस पावलांवर पुन्हा खट्. पुन्हा टाकला. पुन्हा सुटला. तिने दांडा जोराने ढकलून पाहिला, हळू ढकलून पाहिला, मनातल्या मनात त्याच्या पाया पडून पाहिला. तास वेडंवाकडं झालं, मध्ये मध्ये खड्डे. आठव्यांदा सुटला तो नेमका उताराच्या टोकाला, औत उचलता उचलता. ट्रॅक्टर मोकळा सुटून धावला. तिने दोन्ही पायांनी ब्रेकवर उभं राहून तो थांबवला, तेव्हा पुढची चाकं बांधावर चढली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बांधापलीकडे शेजारी बादली घेऊन उभाच होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "बांध नांगरायचा नसतो."

तिने रिव्हर्स टाकून चाकं बांधावरून खाली घेतली.

रेडिओ तिच्या आधी घरी पोचला. ती ट्रॅक्टर घेऊन अंगणात शिरली तेव्हा ओट्यावर सभा भरली होती. आबा खुर्चीत, पाय स्टुलावर. भोवती गिरणीवाला, सुतार, शाळेचे मास्तर, दूध घालायला आलेली मावशी आणि रेडिओ.

"सुटतो कसा?" आबांनी विचारलं.

"आपोआप सुटतो, आबा. ओढ लागली की सुटतो."

"माझ्या हातात कधी सुटला नाही. एकदासुद्धा नाही." आबा सगळ्यांकडे पाहत हसले. हसण्यात कुत्सितपणा नव्हता. चारचौघांत माणसाला आपलं कौतुक सांगायला आवडतं, तेवढंच. "गिअर पूर्ण बसायच्या आधीच क्लच सोडत असणार ही. पोरगी गुणाची आहे, पण वावरात ट्रॅक्टर चालवणं हिच्या हाताला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

सगळे हसले. मावशीही हसली. सुनेने किल्ली खिळ्याला टांगली आणि ती आत जाऊन पाणी प्यायली. तिला राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला वाटत होतं की आबा म्हणतात ते खरंच असेल.

दुपारी मिस्त्री आला. त्याला थांबामिस्त्री म्हणत, कारण कुठल्याही यंत्राजवळ गेला की तो आधी हात वर करून "थांबा" म्हणे आणि मग पाच मिनिटं काही न करता नुसता बघत बसे. त्याने क्लचचं पेडल दाबून पाहिलं. मोकळी चाल बरोबर होती. क्लच पूर्ण सुटत होता, पूर्ण लागत होता. गिअरचा दांडा हलवून पाहिला. सैल होता, पण या वयात कोण घट्ट असतं. मग खालचा बोल्ट काढून त्याने गिअरबॉक्सचं थोडं ऑइल बशीत घेतलं, दोन बोटांत चोळलं, उन्हात धरलं, त्यात लोहचुंबक फिरवलं. बारीक चुरा निघाला, जुन्या गिअरबॉक्समध्ये निघतो तेवढा. दाताचा तुकडा नाही.

"रिकामा चालवून दाखवा," तो सुनेला म्हणाला. तिने अंगणात चार फेऱ्या मारल्या. दुसरा गिअर शहाण्या मुलासारखा बसून राहिला.

"बघ," आबा म्हणाले.

"रिकाम्यात नाही सुटत, ओढीला सुटतो," सून म्हणाली. "रानात चला, दाखवते."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "मला विचाराल तर वरचं झाकण उघडून बघावं. दीड दिवसाचं काम आहे. आत गिअर जागेवर धरायला एक छर्रा असतो, स्प्रिंगच्या दाबाने खाचेत बसलेला. ती स्प्रिंग मेली तर असं होतं. पण ते एका दिवसात होत नाही. आबांच्या हातात महिन्याभरापूर्वी चांगला चालत होता म्हणता..."

"चांगला म्हणजे? लोण्यासारखा," आबा म्हणाले. "अरे, वाफशात दीड दिवस ट्रॅक्टर उघडा ठेवतात का? आणि उघडून काही निघालं नाही तर? काही उघडायचं नाही. उद्या सकाळी मी बसतो."

मिस्त्रीने हत्यारं पेटीत परत टाकली. त्याला ट्रॅक्टर चालवायला आबांनीच शिकवलं होतं. गुरूच्या अंगणात उभं राहून गुरूला खोटं कसं पाडणार?

"तुमचा पाय," सून म्हणाली.

"पाय माझा आहे," आबा म्हणाले.

विषय संपला. उद्या सकाळी आबा चढणार, आणि तो गुडघा पुन्हा उभा राहायचा नाही. सुनेने नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्यांना अडव." जणू काही ती वाऱ्याला अडवू शकत होती. ती म्हणाली, "तुम्ही ट्रक चालवा," आणि तिने फोन ठेवला.

उन्हं कलली तेव्हा सासू पडवीत शिवणाचा डबा घेऊन बसली होती. मांडीवर आबांची विजार. उद्या ते वावरात जाणार, तर विजार धड तरी हवी. सून तिच्याशेजारी जाऊन बसली. सासूने सुईत दोरा ओवायला तिच्याकडे दिला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," सासू म्हणाली. "घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच."

"खरंच मला येत नसेल का हो, आई?"

"मला काय विचारतेस? मला तर शिलाई मशीनही चालवता येत नाही." सासूने ठिगळावर ठिगळ ठेवलं. "दहा-अकरा वर्षं झाली, यांचा नेहमी उजवाच गुडघा फाटतो. डावा पाय काय पाहुणा आहे का घरात?"

सून हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं. तिने विजार हातात घेतली. गुडघा टेकून काम करणाऱ्याची विजार समोरून फाटते. ही आतल्या बाजूने फाटली होती. एकावर एक तीन ठिगळं, तिन्ही आतल्या बाजूला, तळहाताएवढी, आणि त्यांच्या मधोमध काळपट तेलकट पट्टा.

"सगळ्या विजारींना इथेच?"

"सगळ्या. मी म्हटलं, त्या मेल्या ट्रॅक्टरचा खिळा-बिळा लागत असेल."

सून विजार घेऊन तशीच अंगणात गेली. ट्रॅक्टरवर चढून बसली, दुसरा गिअर टाकला. दांडा दोन पायांच्या मधून उजवीकडे पुढे गेला. तिचा उजवा गुडघा त्याच्यापासून चार बोटं लांब होता. तिने गुडघा आत घेतला. गुडघ्याची आतली बाजू दांड्याला मागून टेकली, बरोबर ठिगळाच्या जागी. तिने वाकून पाहिलं. तेवढ्या उंचीवर दांड्याचा रंग गेला होता आणि लोखंड चमच्यासारखं चकचकीत झालं होतं. ती कितीतरी वेळ त्या चकचकीत जागेवर अंगठा फिरवत बसली.

दांड्याला मागे यायचं होतं, आणि मागची वाट गुडघ्याने अडवली होती. एक-दोन दिवस नाही, दहा-अकरा वर्षं.

ती आनंदाने ओरडत घरात जाऊ शकली असती. मिस्त्रीला हाक मारू शकली असती, त्या पाच जणांना गोळा करून विजार दाखवू शकली असती. तसं करावं असं तिला वाटलंही, खोटं कशाला बोला. पण तिला आबांचा तो सुजलेला पाय आठवला आणि रागाची धार गेली. या माणसाने रोज दहा-दहा तास गुडघ्याने ट्रॅक्टर धरून ठेवला होता आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

सकाळी आबा काठी टेकत अंगणात आले तेव्हा ती आधीच तिथे होती. दुसरं कोणी नव्हतं.

"किल्ली दे," आबा म्हणाले.

"देते. आधी नुसते बसून दाखवा. इंजिन बंद. मला बघायचंय तुम्ही गिअर कसा टाकता. शिकवा तरी मला."

शिकवा म्हटल्यावर आबा विरघळले. तिने खांदा दिला, ते कण्हत वर चढले. "बघ. क्लच असा. दांडा असा. पूर्ण बसला हे हाताला कळतं. मग क्लच सोडायचा, सावकाश..." क्लच सोडता सोडता त्यांचा उजवा गुडघा आपसूक आत वळला आणि दांड्याला जाऊन भिडला. आबांचा चेहरा पांढरा पडला.

"आबा, गुडघा काढा."

"काय?"

"गुडघा. दांड्यावरचा."

आबांनी खाली पाहिलं. स्वतःच्याच पायाकडे ते दुसऱ्याचा असल्यासारखे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी मांडी धरून त्यांनी तो बाजूला केला. चकचकीत लोखंड उघडं पडलं. सुनेने काल दुरुस्त केलेली विजार चाकाच्या पत्र्यावर ठेवली, ठिगळ वर करून.

कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. आबांनी ठिगळावरून हात फिरवला.

"एका वर्षी सुटायला लागला होता," ते शेवटी म्हणाले. "ऐन पेरणीत. तेव्हा म्हटलं, एवढं रान होऊ दे, मग उघडू. तेवढ्यापुरता पाय लावला. मग सुटायचा थांबला." ते थांबले. "मला वाटलं, आपोआप बरा झाला."

"पाय लावायचा राहिलाच नाही."

"राहिलाच नाही," आबा म्हणाले. "मी तुला चारचौघांत..."

"ते राहू द्या. मिस्त्रीला बोलावते. वाफसा जातोय."

सासूला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि चहा ठेवायला गेली. चहा ठेवता ठेवता ती डोळे पुसत होती, पण ते चुलीच्या धुराने असेल.

थांबामिस्त्री आला, थांबा म्हणाला, पण या वेळी पाच मिनिटं नाही थांबला. सीट निघाली, वरचं झाकण निघालं. सून बोल्ट मोजून डब्यात टाकत होती. छर्रा बाहेर आला तो एका बाजूने घासून चपटा झालेला. स्प्रिंगचे दोन तुकडे, बऱ्याच वर्षांपूर्वी तुटलेले, कारण तुटलेली टोकंही झिजून गुळगुळीत झाली होती. गिअर सरकवणारा लोखंडी काटा एका अंगाने पानासारखा पातळ झाला होता.

"आबा," मिस्त्री तो काटा उन्हात धरून म्हणाला, "आत गिअर धरायला काहीच नव्हतं हो. ट्रॅक्टर तुमच्या हाडावर चालत होता."

छर्रा आणि स्प्रिंग मिस्त्रीच्या पेटीत मिळाली. काटा या जुन्या ट्रॅक्टरचा आता कुठे मिळत नव्हता. त्यावर मिस्त्रीने पितळेचा थर चढवून आणला आणि तो मापात घासायचा होता. हे काम आबांनी मागून घेतलं. पाय स्टुलावर, मांडीवर पोतं, हातात कानस. दुपारभर ते घासत बसले. थोडं घासायचं, खाचेत बसवून बघायचं, पुन्हा थोडं. सून काटा पकडीत धरून समोर बसली होती. पितळेचा कीस दोघांच्या हातांवर पडत होता. एकदा आबांची कानस सटकली आणि तिच्या अंगठ्याला लागली. आबांनी तो अंगठा आपल्या धोबट मुठीत घट्ट धरला, रक्त थांबेपर्यंत. तिला तिचं लहानपण आठवलं, जरी लहानपणी असं कोणी धरलेलं तिला आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण बसलं, ऑइल भरलं आणि ती एकटी रानात गेली. दुसरा टाकला. औत जमिनीत घुसलं, इंजिन ओढीला लागलं. तिचं सगळं लक्ष पायाखाली होतं. ते तास संपलं. वळली. दुसरं संपलं. उतार आला, उतार गेला. दहाव्या तासाला तिने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. माती काळी, ओली, सरळ रेषेत उलटून पडली होती. तिला मोठ्याने हसू आलं. इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

मशागत त्या दिवशी आणि पेरणी दुसऱ्या दिवशी, अशी दोन दिवस ती खुर्चीवरून उतरली नाही म्हटलं तरी चालेल. वाफसा सापडला. शेवटचं टोक उरलं होतं तेव्हा दुपार टळत आली होती. तिने मान वर केली तर रस्त्याने आबा येताना दिसले. काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत, उन्हात घामाघूम. पाय फरफटत होता.

तिचं डोकं फिरलं. एवढं करूनही यांना खुर्ची हवीच आहे. शेवटचं तास तरी स्वतः मारायचं असणार. तिने ट्रॅक्टर बांधाकडे घेतला आणि आवाज चढवून म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? कोणी सोडलं तुम्हाला घरातून? उतरणार नाही मी, सांगून ठेवते."

"तुला कोण उतर म्हणतंय," आबा धापा टाकत म्हणाले. "तू तुझं काम कर. मी माझ्या कामाला चाललोय."

"कसल्या कामाला?"

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी पाच जणांसमोर बोललो ना. सकाळपासून निघालोय. गिरणी झाली. सुतार झाला. मास्तर शाळेत सापडले, वर्गासमोरच सांगावं लागलं. मावशीचं झालं. आता रेडिओ राहिलाय."

सून बघत राहिली. मास्तरांची शाळा गावाच्या पार त्या टोकाला होती.

"अहो, मग आधी रेडिओलाच सांगायचं. एका घरात काम झालं असतं. संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं असतं."

"म्हणून तर त्याला शेवटी ठेवला," आबा म्हणाले. "त्याच्या तोंडून कळलं असतं, तर माझ्या तोंडून सांगितलं असं झालं नसतं."

खाली उतरून तिने आबांना काखेत धरलं आणि चाकाच्या पत्र्यावर बसवलं, तिथे एरवी ती बसत असे. दुखरा पाय सरळ सोडायला जागा केली. मग दुसऱ्या गिअरमध्येच, खड्डे चुकवत, बांधाच्या कडेने ती रेडिओच्या दारापर्यंत गेली. आबांचा हात तिच्या खांद्यावर होता, तोल सांभाळायला.

रेडिओ आवाज ऐकून बाहेर आला. सुनेने इंजिन बंद केलं. बॅटरी जुनी होती. चढावर बंद केलेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. पण आबांना ओरडून बोलावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

"काय आबा? आज मागे बसलात?"

"हिचं नाव घेऊन तुझ्यासमोर बोललो होतो," आबा म्हणाले. "ते खोटं होतं. गिअरबॉक्स अकरा वर्षं मोडलेला होता आणि मी गुडघ्याने धरून चालवत होतो. मला चालवता येत होतं असं नाही, मला लपवता येत होतं. ही चालवते."

रेडिओने आबांच्या पट्टा बांधलेल्या पायाकडे पाहिलं. "एवढं सांगायला या पायाने आलात?" त्याने विचारलं.

"हो," आबा म्हणाले आणि सुनेच्या खांद्यावर थोपटलं. "चल, सूनबाई. तुझं एक तास राहिलंय."